चौकोनाची ओळख



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनसविषयी किंवा कंत्राटी कामगारांविषयी काही बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही कळविले, "लहान मुलांना त्रिकोण-चौकोन ओळखायला कसे शिकवीत आले, त्याचा इतिहास सांगू." चालक क्षणभर गप्पच राहिले. युनियनचा माणूस आणि बालवाडीचा विषय, हा मेळ त्यांना लागेना. तो मेळ कसा लागतो, हेच आज सांगावयाचे आहे.

आमचा अधिकार म्हणाल तर तो शाळेने दिलेला नव्हे. १९८२ च्या गिरणी संपात वडिलांचा पगार थांबला आणि सातवीनंतर आमची शाळाही थांबली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीतील कपाटातले आणि सार्वजनिक वाचनालयातले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये. जे हाताने कळले आणि मग पुस्तकात ताडून पाहिले, तेवढेच आम्ही सांगणार आहोत.

शाळा सुटल्यावर आम्ही एका लहानशा कारखान्यात खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या करण्याच्या कामावर लागलो. एकदा तीन फूट लांब आणि दोन फूट उंच अशी चौकट करावयाची होती. आम्ही पट्ट्या मापून कापल्या, जोडल्या, पुन्हा मापल्या. चारही बाजू बरोबर. परंतु चौकट खिडकीत बसेना. एक कोपरा आत, तर दुसरा बाहेर. अर्ध्या दिवसाचा रोज कापला गेला. संध्याकाळी एका वृद्ध फिटरने आम्हांला जवळ बोलाविले. त्यांना सगळे चाचा म्हणत. त्यांनी खिशातून सुतळी काढली, चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली आणि तेथे गाठ मारली. मग तीच सुतळी उरलेल्या दोन कोपऱ्यांवर धरली. गाठ चांगली बोटभर पुढे गेली. ते म्हणाले, "बाळा, चार बाजू जुळल्या म्हणजे चौकट जुळली असे नव्हे. तिरके माप घेत जा."

आमच्या हातून आयत व्हावयाचा तो समांतरभुज चौकोन झाला होता. ही दोन्ही नावे शाळेत आमच्याकडून घोकून घेतली होती, त्यांची चित्रेही आम्ही वहीत काढली होती. परंतु त्या नावांचा हातातल्या लोखंडाशी काही संबंध असतो, हे कोणी सांगितले नव्हते. शाळेत नाव होते पण वस्तू नव्हती, आणि कारखान्यात वस्तू होती पण नाव नव्हते. ही ताटातूट का झाली, आणि ती मोडण्याचा प्रयत्न कोणी कोणी केला, हा आमच्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

प्रथम नावांकडे पाहू. आपल्याकडील शुल्बसूत्रे म्हणजे यज्ञवेदी रचण्याचे शास्त्र. शुल्ब म्हणजे दोरी. म्हणजे चाचांच्या सुतळीची ती पूर्वजच म्हणावयाची. बौधायनाच्या शुल्बसूत्रात आयताच्या तिरक्या दोरीचा नियम दिलेला आहे. त्या ग्रंथांत आज आपण ज्याला चौरस म्हणतो तो 'समचतुरश्र' आणि आयत तो 'दीर्घचतुरश्र'. दोघांचे आडनाव एकच, चतुरश्र. आपला 'चौरस' हा शब्दही त्या 'चतुरश्रा'तूनच आला आहे, आणि 'आयत' म्हणजे ताणलेला, लांबविलेला. नावे ठेवणाऱ्यांनी नावातच नाते सांगून ठेवले आहे.

ग्रीकांच्या युक्लिडने मात्र निराळी वाट धरली. त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या भागातील व्याख्यांत चौरस म्हणजे चारही बाजू समान आणि चारही कोन काटकोन. आयत म्हणजे काटकोन, पण बाजू समान नसलेला. समभुज चौकोन म्हणजे बाजू समान, पण काटकोन नसलेला. म्हणजे त्याने प्रत्येकाची खोली वेगळी केली आणि मधले दार लावून घेतले. आजचे गणित ते दार उघडते. चौरस हा आयतही आहे आणि समभुज चौकोनही आहे, असे ते म्हणते. कारण जे जे आयताला लागू ते सारे चौरसाला लागू पडते. हा शाब्दिक काथ्याकूट नव्हे. आकृती दिसते कशी यावरून तिला ओळखावयाचे, की तिचे गुण कोणते यावरून, असा हा प्रश्न आहे. मुलांना आकार शिकविण्याच्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात याच प्रश्नाचे उत्तर शोधले गेले.

शुल्बसूत्रे काय किंवा युक्लिड काय, ही विद्या मोठ्यांची होती. चारपाच वर्षांच्या मुलाला आकार शिकवावा हा विचार युरोपात मूळ धरू लागला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तो राजवाड्यात नव्हे तर पोरक्या मुलांत. १७९८ साली फ्रेंच फौजांनी स्वित्झर्लंडमधील श्टान्स या गावाची आणि आसपासच्या मुलखाची धूळधाण केली. तेथील निराधार मुलांना पेस्तालोझी या गृहस्थाने गोळा केले. त्याच्यापाशी ना पुस्तके, ना मदतनीस. काही महिन्यांतच ती जागा लष्करी इस्पितळासाठी घेतली गेली आणि काम बंद पडले. पण त्या अनुभवातून त्याने पुढे एक सिद्धांत मांडला: सर्व शिक्षणाची मुळाक्षरे तीन, संख्या, आकार आणि शब्द. मुलाने वस्तू आधी डोळ्यांनी नीट न्याहाळावी, मग नाव घ्यावे. १८०१ मध्ये त्याचे प्रसिद्ध पुस्तक निघाले, आणि १८०३ मध्ये आकारांच्या मुळाक्षरांचे पुस्तक आले. त्यात त्याने चौरस हा पाया धरला होता. चौरस आडवा-उभा विभागावयाचा आणि त्यावरून डोळ्याला मापाची सवय लावावयाची. हेर्बार्ट नावाच्या तरुण तत्त्वज्ञाने १८०२ मध्येच त्यावर पुस्तक लिहून सुचविले की, पाया त्रिकोणाचा धरावा. चौरस आधी की त्रिकोण आधी, यावर विद्वानांनी पुस्तके लिहावीत, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. मुलाचे शिक्षण कोणीतरी इतके मनावर घेतले होते.

मात्र पेस्तालोझीच्या पद्धतीत पुढे घोकंपट्टी शिरली. रेघा मापण्याचेच पाढे झाले. त्याच्याच इव्हेर्दोन येथील शाळेत १८०८ ते १८१० या काळात राहून गेलेल्या एका जर्मन शिक्षकाने ही वाट बदलली. त्याचे नाव फ्रॉबेल. हा मनुष्य आधी वनखात्यातील उमेदवारी आणि जमिनीची मोजणी करून आलेला होता आणि पुढे त्याने बर्लिनला स्फटिकांचा अभ्यास केला. स्फटिकांचे पैलू पाहून त्याच्या लक्षात आले की, सपाट आकृती जगात एकटी कोठेच भेटत नाही. ती कशाची तरी बाजू असते. चौरस ही ठोकळ्याची बाजू आहे आणि वर्तुळ हे नळकांड्याचे तोंड.

म्हणून त्याने युक्लिडचा क्रम उलटा केला. युक्लिड बिंदूपासून निघतो, मग रेषा, मग पृष्ठ, मग घन. फ्रॉबेलने मुलाच्या हाती आधी लोकरीचा मऊ चेंडू दिला, मग लाकडाचा गोल, नळकांडे आणि ठोकळा, मग तुकड्यांत विभागलेले ठोकळे, त्यानंतर चौरसांच्या आणि त्रिकोणांच्या पातळ फळ्या, मग काड्या, आणि सर्वांत शेवटी दाणे, म्हणजे बिंदू. ह्या खेळण्यांना तो 'देणग्या' म्हणे. दोन त्रिकोणी फळ्या जोडून चौरस होतो, चार जोडून मोठा चौरस होतो, हे मूल स्वतःच्या हाताने शोधून काढी. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्याने काम सुरू केले आणि १८४० मध्ये त्याला 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, असे नाव दिले.

आता श्रोतेहो, येथे आमच्यासारख्याचे कान टवकारतात. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने आपल्या राज्यातील किंडरगार्टनांवर बंदी घातली. कारण काय? तर ही शिक्षणपद्धती समाजवादी असून मुलांना नास्तिक बनविते! फ्रॉबेलच्या पुतण्याने लिहिलेल्या एका पुस्तिकेमुळे सरकारचा घोटाळा झाला, असे सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु घोटाळा लक्षात आणून दिल्यावरही बंदी उठली नाही. १८४८ ची क्रांती नुकतीच दडपलेली होती. बालोद्याने चालविणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि त्यांच्यापैकी कित्येकींचा ओढा सुधारकांकडे होता. फ्रॉबेल १८५२ मध्ये वारला. बंदी उठली ती १८६० मध्ये. त्याच्या समाधीवर पुढे गोल, नळकांडे आणि ठोकळा यांचेच दगडी स्मारक उभारले गेले.

एवढ्या बलाढ्य राज्याला लाकडाच्या ठोकळ्यांचे भय का वाटावे? ठोकळ्यांचे नव्हते ते. चार वर्षांचे मूल "हा चौकोन आहे" एवढे म्हणून थांबत नाही, "कशावरून?" असे विचारू लागते, त्याचे ते भय होते. ज्याला "कशावरून?" म्हणण्याची सवय लागली, तो पुढे हुकूम आला म्हणजेही तेच विचारतो. सभेत आणि वाटाघाटीत उभी हयात गेलेल्या आम्हांला हे अनुभवाने ठाऊक आहे.

आणि आपल्याकडे त्या काळी मुलांची काय स्थिती होती? मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे वाजू लागले होते. १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. ही सुधारणा होती, हे लक्षात घ्या! नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, अर्ज केले. पुढे १८९१ च्या कायद्याने ही वयाची अट सातावरून नऊवर नेली. युरोपातील सुखवस्तू घरचे मूल त्रिकोणी फळ्या जुळवीत होते, त्या वयाला आमच्या पणजोबांच्या पिढीतले मूल तुटलेला धागा जोडीत होते. त्याच्या डोक्यावर गिरणीचे दातेरी छप्पर होते, त्रिकोणांची रांगच्या रांग. त्याला तो त्रिकोण कोणी दाखविला नाही.

कामगारांच्या मुलांपर्यंत आकार पोहोचविण्याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे, त्यांत मारिया माँटेसरी यांचे नाव पुढे येते. त्या डॉक्टर होत्या. मतिमंद म्हणून टाकलेल्या मुलांसाठी सेगँ या फ्रेंच वैद्याने लाकडी फळीत आकारांच्या खाचा केल्या होत्या. ज्या खाचेत जो तुकडा बसेल तो बसवावयाचा. हे साधन माँटेसरींनी अभ्यासिले. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या मजूरवस्तीत त्यांनी 'बालगृह' उघडले. ते निघण्याचे कारण मोठे मासलेवाईक आहे. आईबाप कामावर गेले म्हणजे मुले जिन्यांची आणि भिंतींची नासाडी करीत. ती थांबावी म्हणून इमारतींच्या मालक संस्थेने खोली दिली. मालकाला भिंती वाचवावयाच्या होत्या. वाचली ती मुले.

त्या बालगृहांसाठी माँटेसरींनी घडविलेले सहा खणांचे एक कपाट असते. एका खणात त्रिकोण, एकात लहान होत जाणारी वर्तुळे, एकात बहुकोन, अशी मांडणी. मूल आकृतीच्या कडेवरून दोन बोटे फिरविते, मग ती आपल्या चौकटीत बसविते. चुकले तर बसत नाही. रागावायला बाई लागत नाहीत. मग तीच आकृती कार्डावर येते: आधी निळ्या कागदाची भरीव, मग जाड रेघेची, मग बारीक रेघेची. अशा रीतीने बोटांतली वस्तू हळूहळू कागदावरची रेषा होते. नाव शिकविण्याची रीतही सेगँची: "हा त्रिकोण." मग "त्रिकोण मला दे." आणि शेवटी "हे काय?" आम्हांला विशेष आवडतो तो आयतांचा खण. त्यात पहिला असतो चौरस, आणि त्याची एक बाजू कायम ठेवून दुसरी क्रमाने अरुंद होत जाते. चौरस आयतांच्या पंगतीला पहिल्या पाटावर बसविला आहे. शुल्बसूत्रकार जे नावाने सांगत होते, तेच येथे खणाने सांगितले.

महाराष्ट्रात हे काम ज्यांनी आणले त्या ताराबाई मोडक. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण इटालियन पद्धतीची ती घोटीव साधने गरिबाच्या आवाक्याबाहेरची. ताराबाईंनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी या गावी मुक्काम हलविला, आणि अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. हेच वर्ष, हाच मुलूख, वारली वेठबिगारांच्या उठावाचा. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर जमीनदारांच्या वेठीतून माणसे सोडवीत होते, त्याच डोंगरांच्या पायथ्याशी ताराबाई आणि अनुताई मुलांसमोर शंख, शिंपले, बिया, पाने आणि खडे मांडीत होत्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना अशी निघाली. १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

आणि ध्यानात घ्या, त्या मुलांच्या घरात आकार परके नव्हते. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. माणसाचे अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, डोके म्हणजे वर्तुळ. आपल्या घरी आई ठिपक्यांची रांगोळी घालते, शंकरपाळी कापते, करंजी भरते. आकार आहेत सगळे. उणीव असते ती त्यांच्याकडे बोट दाखवून "असे का?" म्हणणाऱ्या माणसाची.

१९५७ या सालीच तिकडे हॉलंडमध्ये एक मोठी गोष्ट घडली. पिएर व्हान हिले आणि डिना व्हान हिले हे शिक्षक दांपत्य. आपण समजावून सांगतो, तरी मुलांना भूमिती कळत का नाही, या प्रश्नाने दोघांना छळले होते. दोघांनी उट्रेख्ट विद्यापीठात प्रबंध सादर केले. त्यांचे म्हणणे साध्या शब्दांत असे: मूल प्रथम आकार नुसत्या रूपावरून ओळखते; दारासारखा दिसतो म्हणून तो आयत. पुढच्या पायरीवर ते गुण पाहते: बाजू किती, कोन कसे, तिरकी मापे समान की असमान. त्याच्या पुढच्या पायरीवर गुणांचे नाते कळते, आणि मग चौरस हाही आयतच, हे पटते. सिद्धता देण्याच्या पायऱ्या त्याच्याही वर. वय वाढले म्हणून पायरी चढता येत नाही, योग्य शिकवणुकीनेच चढता येते. आणि शिक्षक एका पायरीवरून बोलत असेल आणि मूल दुसऱ्या पायरीवर असेल, तर दोघे एकच शब्द वापरूनही एकमेकांना कळत नाहीत. डिनाबाई प्रबंधानंतर लवकरच वारल्या. त्यांच्या वर्गातील कामात फरसबंदीच्या लाद्या असत, म्हणजे रस्त्यावर सर्वांच्या पायाखाली असते ती वस्तू.

हे वाचले तेव्हा आम्हांला आमची शाळा आठवली. बाई वरच्या पायरीवरून व्याख्या सांगत होत्या, आम्ही खालच्या पायरीवरून चित्रे पाहत होतो. दोष बाईंचा नव्हता. साठ मुलांच्या वर्गात पायऱ्या कोण मोजणार?

मधली पायरी स्वस्तात कशी बांधावी, हे अरविंद गुप्ता यांनी दाखविले. पुण्याच्या एका मोटार कारखान्यातील हा इंजिनियर १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला, आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे यांपासून आकृती करू लागला. तीन काड्यांचा त्रिकोण करा. कितीही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौरस करा; बोट लावले की कलंडतो आणि त्याची शंकरपाळी होते. बाजू त्याच, कोन बदलले. त्यात तिरकी काडी घाला, की तो ताठ उभा राहतो. आमची ती जाळीची चौकट, अर्ध्या दिवसाचा रोज आणि चाचांची सुतळी, सारे या चार काड्यांत आहे. सातव्या वर्षी कोणी त्या आमच्या हाती दिल्या असत्या तर!

गेल्या वर्षी आमच्या संघटनेच्या कामासाठी एका अंगणवाडीत बसलो होतो. सेविकाबाईंनी पुठ्ठ्याचा चौरस दाखविला, मुले ओरडली, "चौकोन!" आम्ही तो हातात घेऊन टोकावर उभा धरला. एक पाच वर्षांची मुलगी ठामपणे म्हणाली, "आता शंकरपाळी झाली." आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "कशावरून ग?" मुलीने पुठ्ठा घेतला, फिरवून पाहिला, बाजूंवरून बोट नेले, पुन्हा सरळ केला, पुन्हा तिरका केला. बराच वेळ गेला. मग हळूच म्हणाली, "तोच आहे. आपणच वाकडं धरलं." पेस्तालोझीपासून व्हान हिलेंपर्यंतचा प्रवास त्या मुलीने पाच मिनिटांत केला, आणि तो घडविला तो त्या बाईंच्या एका प्रश्नाने.

त्या बाईंचे पद सरकारी कागदावर काय आहे, ते ऐका. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी सेविका ही 'मानसेवी' आहे. तिला पगार नाही, मानधन आहे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तोही कोर्टाची पायरी चढावी लागली म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा लोक म्हणाले, "खिचडी वाटणाऱ्या बायांना कशाला हवे वेतन?" खिचडी तर त्या वाटतातच, आणि ते लहान काम नव्हे. पण "कशावरून?" हा प्रश्नही गरिबाच्या मुलाला पहिल्यांदा त्याच विचारतात. प्रशियाच्या राजाने बालोद्यानावर बंदी घातली. आपण बंदी घालीत नाही. शिकविणारीला अर्धपोटी ठेवतो. परिणाम पुष्कळसा तोच.

असो. आमचे सांगणे एवढेच. आकार ओळखणे ही पोरखेळाची गोष्ट नाही. रूपाला न भुलता गुण पाहावा, आणि गुणावरून वर्ग ठरवावा, हा विचाराचा पहिला धडा त्यात आहे. तो सुखवस्तू घरच्या मुलाला मिळाला, आणि ज्याच्या बापाने प्रत्यक्ष चौकटी घडविल्या त्याच्या मुलाला फार उशिरा मिळाला. आज तो अंगणापर्यंत आला आहे. तेथून तो मागे जाऊ नये, हे पाहणे आपल्या सर्वांचे काम.

घरी गेल्यावर पुठ्ठ्याचा एक चौरस कापा. नातवंडापुढे सरळ धरा, मग तिरका धरा, आणि काय म्हणते ते ऐका. चुकले तर उत्तर सांगू नका. फक्त विचारा, "कशावरून?" आणि थोडा वेळ थांबा.